राउटर विकत न घेता राउटरची लॅब: व्हर्च्युअल इमेजचं गणित सोप्या भाषेत

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि वॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले होते ते आठवत असेल, साधारण सहा तास. लोक फोन रीस्टार्ट करत बसले, वायफाय बंद-चालू करत बसले, आणि दोष कुणाच्याच फोनमध्ये नव्हता. कंपनीने नंतर स्वतःच सांगितलं की नेहमीच्या मेंटेनन्सच्या कामात एक कमांड दिली गेली आणि तिच्यामुळे त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं मुख्य नेटवर्कच तुटलं. अशी कमांड अडवायला एक टूल बसवलेलं होतं, पण त्या टूलमध्येच बग होता म्हणून ती अडली नाही.

त्या दिवशी मला ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "अगं पण आधी कुठेतरी करून बघायचं ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. नेटवर्कवाल्यांकडे असं आधी करून बघायला जागा असते, तिला लॅब म्हणतात, आणि आजकाल या लॅबमध्ये बहुतेक वेळा एकही खरा राउटर नसतो, सगळे राउटर एका कॉम्प्युटरच्या आत फाईलमधून चालू केलेले असतात. त्या फाईलला म्हणतात व्हर्च्युअल राउटर इमेज. ही चीज काय आहे, तिच्यावर कशासाठी विसंबायचं आणि कशासाठी अजिबात विसंबायचं नाही, हे आज नीट सांगते, कारण शिकणारे बरेच जण इथेच गोंधळतात आणि मग एकतर लॅबला खेळणं समजतात नाहीतर लॅबने सांगितलं ते सगळं खरं धरून चालतात.

## आधी राउटर काय करतो ते बघू

टपाल कचेरीतली एक मोठी खोली डोळ्यासमोर आणा. भिंतीवर एक यादी लावली आहे, कुठल्या गावचं पत्र कुठल्या खणात टाकायचं त्याची. एक माणूस दिवसभर आजूबाजूच्या कचेऱ्यांशी फोनवर बोलत असतो, अमुक रस्ता बंद झाला, तमुक गावाला आता आमच्याकडून जवळचा मार्ग आहे वगैरे, आणि त्याप्रमाणे यादी बदलत राहतो. बाकीचे लोक यादीकडे बघून फटाफट पत्रं खणात टाकतात, त्यांना विचार करायचा नसतो, फक्त वेग हवा.

राउटरमध्ये हेच दोन भाग असतात. यादी करणाऱ्या भागाला कंट्रोल प्लेन म्हणतात आणि पत्रं टाकणाऱ्या भागाला डेटा प्लेन. मी पुढे यांना यादीवाला आणि टाकणारे असंच म्हणणार आहे. मोठ्या खऱ्या राउटरमध्ये यादीवाला म्हणजे साध्या प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर असतं, आणि टाकणारे म्हणजे खास त्याच कामासाठी बनवलेल्या चिप, ज्या सेकंदाला कोट्यवधी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पुढे ढकलतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख यावरच उभा आहे.

## इमेज म्हणजे फोटो नव्हे

इमेज म्हटलं की चित्र आठवतं. इथे इमेज म्हणजे राउटरच्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, ऑपरेटिंग सिस्टीमसकट, एका फाईलमध्ये. तुमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम असतो जो त्या फाईलला सांगतो की हा घे प्रोसेसर, ही घे मेमरी, ही घे चार नेटवर्क कार्डं, तू एक स्वतंत्र मशीन आहेस असं समज आणि चालू हो. या प्रोग्रॅमला हायपरव्हायजर म्हणतात. लॅबवाल्यांमध्ये त्यातली केव्हीएम आणि क्यूइमू ही जोडी सगळ्यात जास्त वापरात आहे, दोन्ही ओपन सोर्स.

फाईलमधलं सॉफ्टवेअर चालू होतं, बूटचे मेसेज येतात, लॉगिन मागतं आणि शेवटी तोच प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ, येतो जो खऱ्या राउटरवर येतो. कमांड त्याच, एरर त्याच, शेजारच्या राउटरशी बोलायची भाषाही तीच. म्हणजे यादीवाला अस्सल आहे. टाकणारे मात्र त्या चिपवाले राहिलेले नाहीत, त्यांच्या जागी सॉफ्टवेअरच ते काम आपल्या वेगाने करतं.

ज्युनिपर या राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या व्हीएमएक्स नावाच्या व्हर्च्युअल राउटरमध्ये तर हे डोळ्यांना दिसायचं, त्याचा एक राउटर चालवायला दोन व्हर्च्युअल मशीन लागायची, एक यादीवाल्याचं आणि एक टाकणाऱ्यांचं. नवीन शिकणारे एकच चालू करायचे आणि मग राउटर लॉगिन तर देतोय पण इंटरफेसच, म्हणजे केबल लावायची तोंडंच, का दिसत नाहीत म्हणून डोकं धरून बसायचे.

## मग ते शाळा-कॉलेजात शिकवतात ते सॉफ्टवेअर वेगळं का?

हो, वेगळं. सिस्को ही पण राउटर बनवणारी कंपनी, तिचं पॅकेट ट्रेसर खूप जणांनी वापरलेलं असतं. ते सिम्युलेटर आहे, म्हणजे खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर त्याच्यात नाहीच, राउटर कसा वागतो हे बघून कुणीतरी तसं वागणारा प्रोग्रॅम लिहिलाय. जेवढं लिहिलंय तेवढंच चालतं. एखादी कमांड तिथे नसली तर ती खऱ्या राउटरवर नसते असं नाही, ती फक्त लिहिलेली नाही. सुरुवातीला शिकायला ते उत्तम आहे, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, मी कुणालाही ते सोडा असं सांगणार नाही. पण "माझ्या नेटवर्कमध्ये हा बदल केला तर काय होईल" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून मागू नका, कारण त्याला खऱ्या राउटरच्या खोडी माहीतच नाहीत, बगसुद्धा माहीत नाहीत, आणि नेटवर्क पडतं ते बऱ्याचदा अशाच खोडींमुळे.

इमेज चालवतो तेव्हा ते खरं सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याचे बगही सोबत येतात. हे चांगलंच आहे. बग आपल्याला लॅबमध्ये भेटलेला बरा.

## हे जमायला लागलं कधीपासून?

पूर्वी शिकायचं म्हणजे जुने वापरलेले राउटर गोळा करायचे, ते गरम व्हायचे, पंख्यांचा आवाज यायचा, आणि तीन-चारच्या वर कुणाला परवडायचे नाहीत. २००५ मध्ये क्रिस्तोफ फिलो यांनी डायनामिप्स नावाचा प्रोग्रॅम आणला. सिस्कोचा ७२०० हा राउटर मिप्स जातीच्या प्रोसेसरवर चालायचा, आणि आपले कॉम्प्युटर वेगळ्या जातीचे, म्हणजे भाषाच वेगळी. डायनामिप्स त्या भाषेचं चालता चालता भाषांतर करत राउटरचं अस्सल सॉफ्टवेअर साध्या पीसीवर चालवायचा. त्यावरच पुढे जीएनएस-थ्री उभं राहिलं, ज्यात माऊसने राउटर ओढून ठेवायचे आणि केबल जोडायची.

यातली एक गोष्ट मला अजून फार आवडते. एकच राउटर चालू केला तरी पीसीचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जायचा, राउटर काहीही करत नसतानासुद्धा. कारण त्या काळी राउटरच्या सॉफ्टवेअरला माहीत होतं की हा प्रोसेसर फक्त माझा आहे, मग काम नसलं की ते एका जागी गोल गोल फिरत "काम आलं का, काम आलं का" विचारत राहायचं. खऱ्या राउटरमध्ये याने काही बिघडत नाही, पण तुमच्या पीसीवर असे सहा राउटर फिरायला लागले की संपलंच. त्यावर उपाय असा होता की सॉफ्टवेअर नेमकं कोणत्या जागी रिकामं फिरतं तो पत्ता शोधून काढायचा आणि डायनामिप्सला सांगायचं की इथे आला की थोडं झोपव. त्या पत्त्याला आयडल-पीसी म्हणायचे (इथला पीसी म्हणजे प्रोग्रॅम कुठे पोचलाय ती जागा, कॉम्प्युटर नव्हे), आणि तो बरोबर लागला की शंभर टक्क्यांवरचा प्रोसेसर एकदम खाली यायचा, पंखा शांत व्हायचा.

नंतर कंपन्यांनीच आपली सॉफ्टवेअर साध्या पीसीच्या प्रोसेसरवर चालतील अशी केली, क्लाऊडमध्ये राउटर विकायचे म्हणजे ते लागतंच. अरिस्टाचं ईओएस लिनक्सवर बसलेलं आहे, ज्युनिपरचं जुनोस फ्रीबीएसडीमधून आलेलं. त्यामुळे आता भाषांतराची गरज बऱ्याच अंशी संपली.

## एका फाईलमधून दहा राउटर कसे निघतात?

समजा इमेज एक जीबीची आहे आणि लॅबमध्ये दहा राउटर हवेत. दहा जीबी लागतील का? नाही. इथे वापरतात तो फाईलचा प्रकार म्हणजे क्यूकाऊ-टू. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आपण पेन्सिलने खुणा करतो तसं समजा. मूळ नकाशा खाली तसाच कोरा राहतो, तुमच्या खुणा फक्त वरच्या कागदावर. दहा राउटर म्हणजे एकच नकाशा आणि दहा ट्रेसिंग पेपर, प्रत्येक कागद छोटासाच.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवायलाच हवेत. पहिला, खालचा नकाशा बदलला किंवा हलवला की वरच्या खुणांना अर्थ उरत नाही, म्हणून मूळ इमेजचं नाव बदलणं, जागा बदलणं, तिच्या जागी नवीन व्हर्जन टाकणं असलं काही चालू लॅबच्या खालून करू नका, नवीन व्हर्जनला वेगळं फोल्डर द्या. दुसरा, लॅबच्या टूलमध्ये वाइप नावाचं बटण असतं ते वरचा कागद फेकून देतं, सगळ्या खुणांसकट. राउटरमध्ये कॉन्फिग, म्हणजे त्याची सगळी सेटिंग, सेव्ह केली होती का, केली होती, पण ती त्या कागदावरच होती. म्हणून कॉन्फिगची टेक्स्ट फाईल बाहेर काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्या दोन संध्याकाळी अशा गेल्यात, तुमच्या जाऊ नयेत.

## माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

हे राउटर कुठला त्याच्यावर आहे. मायक्रोटिकचा सीएचआर २५६ एमबी मेमरीत सुखाने चालतो. सिस्कोचा आयओएसव्ही अर्ध्या जीबीत. अरिस्टाचा व्हीईओएस दोनेक जीबी मागतो, सिस्कोचा सीएसआर१०००व्ही चारच्या आसपास, आणि नेक्सस ९००० किंवा आयओएस-एक्सआरचे मोठे अवतार आठ, दहा, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे १६ जीबीच्या लॅपटॉपवर छोटे दहा राउटर आरामात आणि मोठा एकच, तोही कुरकुरत. शिकायच्या बहुतेक गोष्टींना छोटे पुरतात, उगाच मोठ्याच्या मागे लागू नका, ओएसपीएफ, म्हणजे शेजारी राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची एक पद्धत, दोन्हीकडे तेच आहे.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असायला हवं हे तर झालंच. त्यापुढची अडचण अशी की बरेच जण लॅबचं टूल स्वतःच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवतात आणि मग राउटर त्याच्या आत चालतात, म्हणजे मशीनच्या आत मशीन. याला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात आणि ते वेगळं चालू करावं लागतं. ते नसेल तर राउटर बूट होतच राहतो, वीस मिनिटं झाली तरी होतच राहतो, आणि माणूस इमेजला दोष देत बसतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायजर आधीच चालू असेल तरी अशीच गडबड होते. आणि ॲपलच्या एम सिरीज चिपवाले लॅपटॉप घेतलेल्यांनी हे आधी वाचून ठेवा, बहुतेक इमेज इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठी बनलेल्या असतात, तिथे पुन्हा तोच डायनामिप्सच्या काळातला भाषांतराचा मामला येतो आणि वेग पार बसतो.

अजून एक, सगळे राउटर एकदम चालू करू नका. बूट होताना प्रत्येकाला प्रोसेसर हवा असतो, आठ जण एकाच दारातून घुसायला लागले की कुणीच आत जात नाही. दोन चालू करा, प्रॉम्प्ट येऊ द्या, मग पुढचे दोन.

## इमेजमध्ये सगळं असेल तर खरा राउटर घ्यायचा कशाला?

हा प्रश्न येतोच, आणि इथे टपाल कचेरीकडे परत जाऊया. इमेजमध्ये यादीवाला अस्सल आहे, टाकणारे बदली कामगार आहेत. त्यामुळे वेगाबद्दल लॅब काहीच सांगू शकत नाही. त्यात लायसन्सची मर्यादा वेगळीच, मायक्रोटिकचा सीएचआर फुकट लायसन्सवर प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसवर अडवलेला असतो, आणि लॅबमध्ये स्पीड टेस्ट करून "हा राउटर स्लो आहे" असं कुणी लिहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण वाचणारा ते खरं धरतो.

वेग सोडा, चिपच्या आतल्या जागेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटवर ठिकठिकाणी अडथळे आले. झालं असं होतं की जगभरच्या मार्गांची यादी वाढत वाढत सुमारे ५ लाख १२ हजार ओळींच्या पलीकडे गेली, आणि बऱ्याच जुन्या राउटरच्या चिपमध्ये यादीसाठी ठेवलेली जागा नेमकी तेवढीच होती. यादीवाल्याकडे कागद भरपूर होता, तो लिहीत राहिला. भिंतीवर जागा संपली. आता तेच सॉफ्टवेअर तुम्ही व्हर्च्युअल इमेजमध्ये चालवलं असतं आणि सहा लाख मार्ग ओतले असते तर काय दिसलं असतं? सगळं छान. कारण व्हर्च्युअल राउटरची भिंत म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी, ती कुठे संपतेय.

स्विच, म्हणजे एकाच नेटवर्कमधली उपकरणं जोडणारा डबा, त्याच्या बाबतीत हे जास्तच लागू होतं. ट्रॅफिकला प्राधान्य देणं, रांगा लावणं, ही कामं चिपमध्ये होतात, म्हणून व्हर्च्युअल स्विचवर त्यासंबंधीच्या कमांड एकतर नसतातच, नाहीतर घेतल्या जातात आणि आत काहीच होत नाही. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. कमांड स्वीकारली याचा अर्थ ती लागू झाली असा घेऊ नका, मोजून बघा.

## लॅबमधली केबल ही केबल नसते

मला या लेखात खरं तर हेच सगळ्यात जास्त सांगायचं होतं, कारण यावर कुणी फार बोलत नाही.

मी एकदा दोन राउटर दोन लिंकनी जोडले, एक मुख्य, एक बॅकअप, मध्ये ओएसपीएफ. एका राउटरवरून दुसऱ्याला पिंग लावला, म्हणजे "आहेस का" असं सतत विचारत राहायचं, आणि उत्तर आलं की एक उद्गारचिन्ह, स्क्रीनवर त्यांची रांग पळत होती. मग टूलमध्येच मुख्य केबल सस्पेंड केली. उद्गारचिन्हं थांबली आणि टिंबं यायला लागली. एक टिंब म्हणजे दोन सेकंद वाट बघून उत्तर आलं नाही. एक, दोन, पाच, दहा, मी मोजत बसले, अठरा टिंबं पडली आणि मग पुन्हा उद्गारचिन्हं. म्हणजे ३६ सेकंद नेटवर्क बंद. मी घाबरले, ज्या डिझाइनवर आम्ही इतके दिवस काम केलं ते इतकं हळू? दुसऱ्या दिवशी खऱ्या दोन राउटरवर तेच केलं, फायबर उपटली, एक टिंब पडलं आणि ट्रॅफिक बॅकअपवर.

कारण समजून घ्या. खरी फायबर उपटली की दोन्ही राउटरला त्याच क्षणी कळतं, उजेड गेला. मग कुणाची वाट बघायची गरज नाही. लॅबमधली केबल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला एक सॉफ्टवेअरचा पूल असतो, दोन्ही राउटर त्या पुलाला आपापल्या बाजूने जोडलेले. मध्ये पूल तुटला तरी दोघांच्या टोकाला केबल लागलेलीच दिसते, इंटरफेस हिरवाच. मग शेजारी गेला हे कळायचं कसं? त्याचा आवाज येणं बंद झालं यावरून. ओएसपीएफमध्ये साधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो जातो आणि ४० सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर शेजारी मेला असं धरतात. माझी अठरा टिंबं तिथून आली, शेवटचा हॅलो केबल तुटायच्या काही सेकंद आधी आलेला म्हणून ४० ऐवजी ३६.

आता गंमत अशी की लॅब चुकीचं सांगत नव्हती, ती वेगळ्या केबलबद्दल सांगत होती. खऱ्या जगातही दोन राउटरच्या मध्ये तिसऱ्याचा स्विच किंवा टेलिकॉम कंपनीची उपकरणं असतात तेव्हा पलीकडचं टोक तुटलं तरी आपल्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो, आणि तिथे हे ३६ सेकंद खरे असतात. आमच्या डिझाइनमध्ये अशीही एक लिंक होती. तिच्यासाठी आम्ही बीएफडी लावलं, ते सेकंदाच्या आत हाका मारून शेजारी जिवंत आहे का बघतं. लॅबमध्ये मात्र बीएफडीचा वेळ फार कमी ठेवू नका, तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर दुसऱ्या कामात क्षणभर गुंतला की राउटरला वाटतं शेजारी गेला, आणि नसलेला प्रॉब्लेम तुम्ही रात्रभर शोधत बसता.

त्याच पुलाची अजून एक खोड. दोन केबल बांधून एक जाड केबल करायची असते तेव्हा दोन्ही उपकरणं एलएसीपी नावाचे छोटे निरोप पाठवतात. हे निरोप फक्त शेजाऱ्यासाठी असतात, मधल्या कुणी ते पुढे नेऊ नयेत असा नियम आहे, आणि साधा लिनक्स ब्रिज, म्हणजे तो सॉफ्टवेअरचा पूल, तो नियम अगदी इमानदारीत पाळतो. मग तुमची कॉन्फिग दोन्हीकडे बरोबर, पण जोडणी होतच नाही. लॅबची काही टूल यासाठी ब्रिजमध्ये बदल करून देतात, काही दुसऱ्या प्रकारची केबल वापरतात. एलएसीपी वर येत नसेल तर कॉन्फिग चौथ्यांदा वाचण्याआधी केबल कशाची बनलीय ते बघा.

## इमेज आणायच्या कुठून? सगळे तर कुठूनतरी उतरवतात

इथे मी सरळ बोलते. इमेज म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि ते कुणी कुठे अपलोड केलेलं आहे म्हणून ते फुकट होत नाही. लायसन्सचा भाग आहेच. पण त्याहून मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. अनोळखी माणसाने बनवलेली अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम तुम्ही आपल्या कॉम्प्युटरवर चालू करताय, तिला नेटवर्क कार्ड देताय, आणि बरेच जण लॅब इंटरनेटला पण जोडतात. त्या फाईलमध्ये मध्येच कुणी काय घातलंय हे तुम्हाला कळणार नाही. कंपनी जी फाईल देते तिच्यासोबत चेकसम देते, म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो जुळवून बघायला एक मिनिट लागतं.

आणि आता चोरीची गरजही फारशी राहिलेली नाही. अरिस्टा आपली लॅबची इमेज अकाऊंट उघडलं की उतरवू देते. ज्युनिपरने २०२३ मध्ये व्हीजुनोस राउटर आणि स्विच लॅबसाठी फुकट केले. नोकियाचं एसआर लिनक्स कंटेनरच्या, म्हणजे अख्ख्या मशीनपेक्षा हलक्या सॉफ्टवेअरच्या डब्याच्या, रूपात थेट मिळतं. सिस्कोच्या मॉडेलिंग लॅब्ज या लॅब टूलची फुकट आवृत्ती पाच नोडपर्यंत, म्हणजे पाच उपकरणांपर्यंत, चालते आणि इमेज त्याच्यासोबतच येतात. व्हीवायओएस आणि एफआरआर ही राउटरची सॉफ्टवेअर तर ओपन सोर्सच आहेत. परीक्षेसाठी नेमकी एखादी इमेज लागते तेव्हा अडचण होते हे मला मान्य आहे, पण रस्ते निवडायची तत्त्वं शिकायला वरचं सगळं पुरून उरतं.

## लॅबमध्ये चाललं म्हणजे खऱ्या नेटवर्कवर चालणारच ना?

नाही, आणि याचं कारण फक्त चिप नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क पडलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अडकले. अपग्रेडच्या कामात काही राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, आणि जे मार्ग अडवले जायचे ते सगळे लोंढ्यासारखे मुख्य राउटरवर गेले, त्यांना ते झेपलं नाही. आता हाच बदल चार राउटर आणि वीस मार्गांच्या लॅबमध्ये करून बघा. वीसचे वीस मार्ग मुख्य राउटरवर जातील आणि काहीही होणार नाही. फिल्टर गेल्यावर जास्त मार्ग आले हे लॅब दाखवेल, बघणाऱ्याने विचारलं तर. लोंढा दाखवायचा तर लोंढाच ओतावा लागतो, आणि इंटरनेटची पूर्ण यादी आज नऊ लाखांच्या वर आहे. ती लॅबमध्ये ओतता येते, त्यासाठी टूल आहेत, फक्त ते करायचं डोक्यात यायला हवं.

मोठ्या कंपन्या हे गंभीरपणे करतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये क्रिस्टलनेट नावाची आपली व्यवस्था मांडली, त्यात खऱ्या उपकरणांचीच सॉफ्टवेअर क्लाऊडमध्ये हजारोंच्या संख्येने चालवून खऱ्या नेटवर्कची प्रत उभी करायची आणि बदल आधी तिच्यावर करायचा. आपल्याला एवढं नको, पण निदान व्हर्जन तरी तेच घ्या जे खऱ्या राउटरवर आहे. वेगळ्या व्हर्जनवर केलेली टेस्ट म्हणजे दुसऱ्याच माणसाचा रक्तदाब मोजल्यासारखं आहे. इंटरफेसची नावंही वेगळी असतात, कॉन्फिग उचलून इकडून तिकडे टाकताना ती बदलावी लागतात, आणि बहुतेक चुका त्या बदलाच्या वेळीच घुसतात.

नव्या कंटेनरवाल्या पद्धतीत, कंटेनरलॅबसारख्या टूलमध्ये, अख्खी लॅब एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेली असते, म्हणून बदलाआधी दर वेळी लॅब आपोआप उभी राहून तपासणी करेल असंही लावता येतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घाईच्या वेळी माणूस लॅब वगळतो, मशीन वगळत नाही.

## पहिली लॅब कुठली करावी?

तीन राउटर, त्रिकोण. प्रत्येकाला एक लूपबॅक, म्हणजे केबल नसलेला राउटरच्या आतलाच इंटरफेस, आणि मध्ये ओएसपीएफ. कुठला रस्ता कुठून जाईल हे आधी कागदावर लिहा, मग राउटरला विचारा. जुळलं की एक केबल तोडा, त्याआधी पुन्हा कागदावर लिहा की आता काय होणार आणि किती सेकंदांनी. चुकलं तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

आणि खऱ्या राउटरवर सहज न मिळणारी एक गोष्ट लॅबमध्ये आहे ती सोडू नका, बहुतेक टूलमध्ये कुठल्याही केबलवर क्लिक करून तिच्यातून जाणारं प्रत्येक पॅकेट वायरशार्क या पॅकेट उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघता येतं. एका राउटरच्या टोकाला कॅप्चर लावा आणि मग केबल सस्पेंड करा. दर १० सेकंदांनी दोन्हीकडचे हॅलो एकमेकांआड येताना दिसतील, मग पलीकडचा यायचा बंद होईल, आणि तुमचा राउटर तरीही आपला हॅलो पाठवत राहील, एक, दोन, तीन, चार. चौथ्याच्या आसपास कन्सोलवर शेजारी गेल्याची ओळ येईल.